दाबून धर

“पंप मार. मार, मार... आता दाबून धर!”

“धरलंय!” धाकटी केबिनमधून ओरडली.

ट्रकखाली थोरल्याने चाकामागचं, ब्रेकमधली हवा काढायचं निप्पल सैल केलं. नळीतून तेलाबरोबर बुडबुडे बाटलीत उतरले आणि धाकटीच्या पायाखालचं पेडल तळाला गेलं. निप्पल पुन्हा आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत ब्रेकच्या तेलात. सकाळी तिने तो एकदा घाईत उचलला होता आणि सगळं पहिल्या चाकापासून करावं लागलं होतं. तेव्हा थोरला वस्सकन अंगावर आला होता. एरवी तो भावजयीशी मान वर करून बोलत नसे.

त्याचं तरी काय चुकलं? सख्खा भाऊ कोठडीत होता. उतारावर ट्रक त्याच्या हातून थेट एका दुकानात घुसला होता. दुकानदार अजून शुद्धीवर नव्हता. ट्रक थोरल्याच्या नावावर, दुरुस्ती-देखभालही त्याचीच; चालवायचा फक्त धाकटा. चौकीच्या आवारात एवढं धूड मावेना, म्हणून पोलिसांनी ते थोरल्याच्याच शेडमध्ये ओढून आणून ठेवलं होतं. आज दुपारी तपासणीचे साहेब ब्रेक बघायला येणार होते.

“ब्रेक चांगले निघाले की नवरा तुझ्या दारात,” थोरल्याने सांगितलं होतं. भेटायला आत फक्त त्यालाच सोडत. त्या एका वाक्यावर धाकटी तग धरून होती.

“काही म्हणाले का हो ते, भाऊजी?”

खालून उत्तर आलं. “काय म्हणणार? तुझी आठवण काढतो. पंप मार.”

तिने मारला. पोटरीत गोळे येत होते, तरी पेडल मऊच लागत होतं. हवाही चिवट; निघते निघते म्हणते आणि पाहुण्यासारखी दारातच गप्पा मारत उभी राहते.

“मला नाही जमत आता,” ती रडकुंडीला आली. “जाऊबाईंना बोलवा ना.”

“तिला नको. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

मग खालून नाक ओढल्याचा आवाज आला. पाठोपाठ हुंदका. एवढा दांडगा माणूस, लहान मुलासारखा रडत होता. आई गेल्यावर त्यानेच धाकट्याला लहानाचा मोठा केला होता. धाकटीला भडभडून आलं.

“रडू नका, भाऊजी. येतील ते.”

ती दोन्ही पायांनी पेडलवर तुटून पडली.

शेवटच्या चाकाला बुडबुडे थांबले. पेडल अर्ध्यातच टणक लागलं. तिचा विश्वास बसेना, तिने पुन्हा दाबून पाहिलं. “लागला! भाऊजी, लागला!” तिला हसावं की रडावं कळेना.

थोरल्याने रात्रीच बसवलेल्या ब्रेकच्या नव्या सिलिंडरांना जुनं ग्रीस आणि माती फासली. काढलेले भाग गोणपाटात बांधून तो कुठेतरी लांब टाकून आला. “साहेबांनी विचारलं तर कशालाच हात लावला नाही म्हणायचं. दुरुस्तीची परवानगी काढत बसलो असतो तर महिना गेला असता.”

“म्हणेन की.” नवरा सुटणार असेल तर याहून मोठी थाप मारायची तिची तयारी होती.

साहेब आले. त्यांनी स्वतः केबिनमध्ये बसून ट्रक शेडमधल्या शेडमध्ये पुढेमागे केला. प्रत्येक वेळी तो जागच्या जागी थांबला. ते खाली उतरले.

“ट्रकला कुणी हात लावलाय?”

थोरला वाकून चाकाकडे बघू लागला. धाकटीच पुढे झाली. “नाही साहेब. आणून ठेवला तसाच आहे. माझ्या डोळ्यांसमोरच होता.”

“ब्रेक उत्तम आहेत,” साहेब म्हणाले.

धाकटीचे डोळे भरून आले. “मग आज सोडाल ना माझ्या नवऱ्याला?”

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. “सोडणार कसं, ताई? दाबूनही ब्रेक लागला नाही, एवढं एकच तर तो सांगत होता.”