गाळलेला प्रसंग

एका जुन्या सिनेमाची सीडी निघायची होती. कोल्हापुरातल्या स्टुडिओत प्रभुलिंग मूळ आवाज नव्या, छोट्या केलेल्या प्रतीवर बसवत होता. नेमका त्याच्या वारलेल्या बायकोचा, रत्नव्वाचा, तिनं या सिनेमात काम केलेला एकुलता एक प्रसंग या प्रतीत गाळला होता. चित्रच नाही, म्हणून त्यानं जड हातानं तिचा आवाजही काढून टाकला.

पुन्हा सिनेमा लावला, तर नायक बोलता बोलता थबकला आणि मान वळवून रिकाम्या अंगणाकडं बघत राहिला.

प्रभुलिंगनं मोठ्यानं हाक मारली. “बसवेश, ह्यो हितं थांबत न्हवता की!”

शेजारच्या खोलीतून त्याचा मित्र आला. पडद्यावर अजून ते रिकामं अंगणच होतं. बसवेश तिकडं बघून ओळखीचं हसला.

“आवाज का घालवलास? वैनींचं नुसतं ओठ हलत्यात; सारख्या तुलाच हाका मारायल्यात की.”