वाढलेली नखं

"चला आजोबा, आटपा. लाज कसली त्यात?"

आजोबा हलेनात. आजोबा म्हणजे तिच्या नवऱ्याच्या घरचा म्हातारा कुत्रा. इमारतीखालच्या झाडाशी तो चारही पाय ताठ करून उभा होता आणि थरथरत होता. शेजारून सायकल गेली तसा तो तिच्या पायांत शिरला. तिने पट्टा ढिला केला, लाडीगोडी लावली, शेवटी एकांत मिळावा म्हणून स्वतःच पाठ फिरवून उभी राहिली. सगळ्या कुत्र्यांना जे न शिकवता येतं ते या एकालाच येऊ नये, याचं तिला आधी हसू आलं होतं. आता राग यायला लागला होता.

लग्न होऊन ती या घरात आली त्याला पंधरवडाही झाला नव्हता. आल्यापासून रोज बाथरूमच्या बंद दाराशी जमीन ओली. रोज तिची ओरड, रोज फडकं. बाथरूमचं दार कायम लावलेलं हवं, ही तिच्या माहेरची शिस्त. सोमवारपासून ती दवाखान्यात कामावर रुजू होणार होती, त्याआधी कुत्र्याला बाहेरची सवय लावायची असं तिने पक्कं केलं होतं. "कशाला त्रास घेतेस? राहू दे," नवरा म्हणाला होता. पण आज त्याची सुट्टी संपली आणि तो कामावर गेला, तशी ती पट्टा घेऊन खाली उतरली.

तळमजल्यावरच्या काकू आपला कुत्रा फिरवून येत होत्या. त्या थबकल्या.

"हा कुणाचा गं?"

"आमचाच, काकू. तिसऱ्या मजल्यावरचा. ह्यांच्या पहिल्या बायकोचा. ती गेली सोडून, हा राहिला."

"तिसऱ्या मजल्यावर कुत्रा आहे?" काकूंनी डोळे बारीक केले. "इतकी वर्षं राहतेय मी इथे. कधी पाहिला नाही."

"असं कसं? ती तर दिवसभर ह्याला घेऊन भटकायची म्हणे. घरात पाय ठरायचा नाही तिचा."

"कोण म्हणतं?"

"हे."

काकू गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या आणि आजोबांचा पंजा उचलून बघितला. नखं वाढून आत वळली होती. तळवा गुलाबी, मऊ, पिल्लाचा असतो तसा. मग त्यांनी आपल्या कुत्र्याचा पंजा शेजारी धरला. काळा, खरखरीत, नखं घासून बोथट झालेली.

"रस्त्यावर चालणाऱ्याची नखं आपोआप झिजतात, बाळ. ह्याने रस्ता पाहिलेलाच नाही." त्यांनी वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आणि तिलाही मी एकदाच पाहिलं. लग्न होऊन आली, त्या दिवशी."

जिना चढून वर आल्यावर तिने पट्टा सोडवून खुर्चीवर टाकला. तोंडावर पाणी मारायला ती तशीच बाथरूममध्ये शिरली आणि दार उघडं राहिलं. मागोमाग कुत्रा आत आला. कोपऱ्यातल्या जाळीवर नीट बेतून उभा राहिला आणि मोकळा झाला. थेंबभरही इकडे नाही की तिकडे नाही. मग मागे सरकून तो तिच्याकडे बघत बसला. तिला आधी कळेना. तिने मगभर पाणी जाळीवर ओतलं, तेव्हा कुठे तो उठून बाहेर गेला.

कुणीतरी त्याला शिकवलं होतं. फार मायेने, फार दिवस खपून शिकवलं होतं. आणि ती मूर्खासारखी रोज दार लावून त्याच्यावरच ओरडत होती. तिला त्याची दया आली, आणि पाठोपाठ भीती वाटली. ज्या बाईला कुत्र्याला खाली नेता येत होतं, तिने त्याला हे कशाला शिकवलं असतं?

दुपारीच नवरा परत आला. हातात पिशव्या. भाजी, साबण, तिच्या डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं तोच आणायचा. मैत्रिणींना तिचा हेवा वाटत होता. खुर्चीवरचा पट्टा बघून तो दारातच थांबला.

"खाली गेली होतीस?"

"ह्याला घेऊन."

"कुणी भेटलं?"

"नाही," ती म्हणाली. नवऱ्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

"बरं."

"अहो, सोमवारी मी निघताना..."

"अगं हो, सांगायचं राहिलंच. दवाखान्यात फोन केला होता मी. म्हटलं, ती काही येणार नाही. नवं घर, नवा संसार, उगाच कशाला तुझी धावपळ?" त्याने वाकून कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कुत्रा हलला नाही. "आणि ह्याला आता काही शिकवू नकोस. शहाणा आहे तो. घरातच बरा असतो."

हे सगळं तो इतक्या गोडीत बोलला, की भांडायचं तर सुरुवात कुठून करावी तेच तिला समजेना.

"दूध राहिलं बघ," पिशव्या ठेवत तो म्हणाला. "आलोच."

"मी येते." चपला शोधायलाही ती थांबली नाही.

"बस गं तू. दमली असशील."

दार ओढलं गेलं. मग बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि त्यावर कुलूप.

ती दाराला दोन्ही हात लावून उभी राहिली. सकाळपासून अंग आक्रसून बसलेला कुत्रा त्या आवाजासरशी सैल झाला. तिच्या पायांशी त्याने ऐसपैस अंग पसरलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि निर्धास्त झोपी गेला.