चौकटीवरच्या खुणा

धक्क्यावरच्या भरती मोजायच्या खोलीत बाबा दरवर्षी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं दोन खुणा करायचे. डावीकडे लेकीची उंची, उजवीकडे मोठ्या भरतीचं पाणी. "बघू, आधी कोण मोठं होतंय!" ती चवड्यांवर उभी राहिली की हसायचे. "टाचा टेकव गं, लबाडे!"

बाबा गेले, नोकरी तिच्याकडे आली. पाण्याची खूण तिच्या खांद्याशी पोचली, तरी साहेबांचं आपलं एकच, "उतरेल हो!"

आज भर दुपारी, ओहोटीच्या वेळी, तिला उजवीकडे नवी खूण दिसली. तिच्या डोक्याच्याही वर. शेजारी बाबांच्या तिरक्या अक्षरात आजची तारीख.

लहानपणच्या सवयीनं ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली. डोक्यावर ओळखीचा तळवा टेकला.

"टाचा उचल, बाळा."