रिकामा चाप

तुम्ही माणसाला कडेला बसवता आणि वर तोंड करून सांगता, आमच्याकडे कुणाला मज्जाव नाही. खोटं बोलता. मज्जाव नाही, तर मग हर्षा मेश्राम आज नेमबाजी क्लबच्या जत्रेत समोशांचा ट्रे घेऊन केकच्या टेबलामागे का उभी आहे? तिकडे पुढे, हिरव्या मखमलीवर ठेवलेलं ते जुनं रिव्हॉल्वर तिनेच तर बोलतं केलंय.

न्युरेम्बर्गजवळच्या या गावात क्लब म्हणजे गाव. लग्नं तिथे ठरतात, भांडणं तिथे मिटतात, फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, नाही तो गावात नाही. हर्षा नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवायची. नेम पक्का. इथे एका कारखान्यात मशीनचे भाग डिझाइन करते. तिला सभासद व्हायचं होतं. नियम असा, की दोन सभासदांनी जामीन राहायचं. जो तो खांदे उडवायचा. ‘मी तुला फारसं ओळखत नाही.’ तिचे समोसे मात्र सगळे ओळखत होते.

“आपल्या आज्याने गावकुसाबाहेरची जागा सोडली,” तिचा नवरा उज्ज्वल म्हणाला होता, “आणि तू जर्मनीत येऊन तीच पुन्हा मागतेस?”

“बाहेरची नाही मागत. आतली मागतेय.”

मग अध्यक्ष रूडी लिंडनरने तिला काम सांगितलं. त्याच्या पणजोबाने क्लब काढला. पणजोबाच्या रिव्हॉल्वरने जत्रेची पहिली गोळी झाडायची रीत होती. पण त्याची काडतुसं बनायची बंद झाली आणि रिव्हॉल्वर मुकं झालं. “ते चालू कर, मग तुझं बघू,” रूडी म्हणाला. “आणि जपून हं. आमच्या घरातल्या पुरुषांशिवाय त्याला कुणाचा हात लागलेला नाही.”

असल्या कामाचा परवाना होता बंदुकांचा कारागीर डीट्सकडे. ड्रॉइंग हर्षाची, हात त्याचे. त्या जुन्या काडतुसात स्फोटक असायचं बुडाच्या कडेत, म्हणून घोड्याचं टोक कडेवर आपटायचं. आजच्या काडतुसाला टोला लागतो मधोमध. घोडा आणि सिलिंडरमागची चकती त्यांनी नवी घडवली. सरकारी तपासणीत रिव्हॉल्वर पास होऊन आलं.

पण पहिल्याच दिवशी सिलिंडर बाहेर काढला तेव्हा डीट्स थबकला होता. काडतुसाच्या प्रत्येक घराच्या कडेवर खोल घाव.

“हे कुणीतरी रिकामं ओढलंय,” तो म्हणाला. “काडतूस नसलं की घोडा थेट लोखंडावर बसतो. एकदा-दोनदा नाही, वर्षानुवर्षं ओढलंय. आल्झो, मग हे घाव भरून साफ करू?”

“नको,” हर्षा म्हणाली. “नव्या काडतुसाला त्याची अडचण नाही ना? मग राहू दे.”

आता रूडी भाषण करत होता. पणजोबांचे आभार मानून झाले. डीट्सचे मानले. हवामानाचेसुद्धा मानले. “आणि हर्षा, समोसे नेहमीप्रमाणे झकास!” हॉल हसला. मागे उभा असलेला उज्ज्वल हसला नाही.

रूडीने रिव्हॉल्वर उचललं. हर्षाने ट्रे खाली ठेवला आणि सरळ पुढे गेली.

“रूडी, याला फक्त तुमच्या घरातल्या पुरुषांचा हात लागलाय ना?”

“गेनाऊ. अगदी बरोबर.”

“मग हे घाव कुणाचे?” तिने बोट ठेवून दाखवलं. “नेमबाज माणूस असलं रिव्हॉल्वर कधी रिकामं ओढत नाही. पहिला धडाच तो असतो. हे अशा कुणाचं तरी काम आहे, ज्याला तो धडा कुणी दिला नाही. आणि काडतूसही दिलं नाही.”

रूडीचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार, तोच केकच्या टेबलामागे सुरी ठेवल्याचा आवाज आला.

“माझे घाव आहेत ते.”

रूडीची आत्या, एर्ना. क्लबचा केक म्हणजे एर्ना, हे गावातल्या पोरासोरांना माहीत.

“तुम्ही सगळे इथे नेम धरायला आलात, की मी घरी कपाट उघडायचे,” ती काठी टेकत पुढे आली. “मुलींना तेव्हा घेत नव्हते. घ्यायला लागले, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. केक विचारला. मग सन्माननीय सभासद केलं. केकसाठीच.”

“आत्या, तू? त्या रिव्हॉल्वरला?”

“दे इकडे.”

त्याने दिलं. काय करणार?

सगळे रेंजवर गेले. डीट्सने दोघींच्या कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले, एकच काडतूस भरलं आणि शेजारी उभा राहिला. म्हातारीला रिव्हॉल्वर जड जात होतं. हर्षाने आपला तळवा खालून लावला. एर्नाने चाप ओढला. घोडा पडला, या वेळी मधोमध. दणका असा बसला, की बाहेर बँडवाले वाजवायचे थांबले.

गोळी कागदाच्या पार कोपऱ्यात लागली होती. एर्ना खो खो हसली. तिला असं हसताना गावाने पाहिलं नव्हतं.

रिव्हॉल्वर डीट्सकडे देऊन तिने कानांवरचे मफ काढले आणि ती वळली.

“रूडी, सन्माननीय सभासदाला जामीन राहता येतं?”

“नियमात... तसं बसतं.”

“मग लिही. या पोरीसाठी एक जामीन मी.” ती गर्दीतला एकेक चेहरा पाहत गेली, समोसे खाल्लेला एकेक चेहरा. “दुसरा कोण? मोठ्याने बोला. मला कमी ऐकू येतं.”