उष्टी हळद

हळद लावताना नवरदेव अमरसिंह बाही वर सरकवू देईना. सत्यशीला वहिनीनं थट्टेत ती सर्रकन वर ओढली. नशेची इंजेक्शनं टोचून टोचून दंड लाकडासारखा टणक झाला होता. काळ्या भोकांतून पू गळत होता, कुजलेल्या मांसाचा भपकारा येत होता.

सासूबाई तिच्या कानाशी आल्या. "बोंबलू नगं. हळदीनं जखम वाळती. लाव."

श्वास रोखून तिनं लावली. पुवानं बरबटलेली बोटं पुन्हा वाटीत बुडाली.

"आता उरलेली उष्टी हळद वडवणीला नवरीकडं घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या.

वडवणीच्या मांडवात प्रियदर्शनी लाजून गाल पुढं करून बसली होती. सत्यशीलानं वाटी तिच्या नाकाशी धरली.

"लावायच्या आधी वास घे गं."