रडणारे गुरुजी

“सावरा गुरुजी. आजीचं वय झालं होतं हो,” म्हणत यजमानाने शामसुंदर गुरुजींच्या पाठीवर हात ठेवला. आजी यजमानाची, आणि उपरण्यात नाक शिंकरत होते गुरुजी. रामकुंडावरचे कावळेसुद्धा पिंड सोडून त्यांच्याकडेच बघत बसले होते.

वास्तविक या माणसाचे डोळे आजवर ओले झाले होते ते फक्त होमाच्या धुराने. खुद्द सासऱ्यांच्या दहाव्याला ते घड्याळ बघत म्हणाले होते, “आटपा लवकर, द्वारका चौकात गर्दी लागेल.” त्यांच्या बायकोने, अनसूयाबाईंनी, तेव्हा डोळे पुसून सामान आवरायला घेतलं होतं.

साठी उलटली आणि सगळंच बिनसलं. पौषातल्या थंडीत घाम फुटू लागला. पोट पुढे गेलं, उत्साह मागे राहिला. संकल्प सांगता सांगता डुलकी यायची. रात्री अनसूयाबाई कूस बदलून झोपल्या की गुरुजींना हायसं वाटायचं, आणि आपल्याला हायसं वाटतंय याचंच मग रडू यायचं.

धंदा मात्र या रडण्यामुळेच जोरात होता. पुतण्या देवव्रत घाटावर सगळ्यांदेखत म्हणायचा, “काका, ग्लिसरीन कुठल्या दुकानातून घेता?” पण फोन काकांनाच यायचे. कळवणहून पुंजा नावाच्या यजमानाचा आला, “गुरुजी, तुमीच पायजे. पोरं सुरतेला, सुना शहरातल्या. मायसाठी रडाया आमच्यात कोन नाय.”

शेवटी गुरुजी गुपचूप डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं. “काका, पुरुषांचे हार्मोनही वयानुसार उतरतात. तुमचे जरा जास्तच उतरलेत. बाकी तपासण्या ठीक आहेत. हे जेल रोज खांद्याला चोळा. तरतरी येईल, घाम थांबेल, रडूही आवरेल.”

“जानव्याच्या खांद्याला की दुसऱ्या?” गुरुजींनी विचारलं.

“कुठल्याही. पण आधी घरी बोला.”

घरी येईपर्यंत गुरुजींनी हिशोब मांडला. रडू गेलं तर धंदा बसणार. राहिलं तर पुरुषपण बुडीत खाती. धंद्यावर पाणी सोडायचं ठरवून ते छाती काढून घरात शिरले. छातीच्या आधी पोट शिरलं.

अनसूयाबाई मेथी निवडत होत्या. गुरुजींनी जेलची ट्यूब मेथीशेजारी ठेवली, कान लाल होईपर्यंत सगळं सांगितलं. अडलं तिथे संस्कृत शब्द वापरले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, “थोडक्यात, मी पुन्हा पूर्वीसारखा होईन.”

बायको लाजून हसेल अशी त्यांची अपेक्षा होती. बाईंनी ट्यूब उचलली, उलटसुलट करून पाहिली.

“पूर्वीसारखे म्हणजे? बाबांच्या दहाव्याला होतात तसे?”

गुरुजी मेथीची एक काडी उचलून निवडू लागले.

त्या उठल्या. ट्यूब कपाटात, ठेवणीतल्या शालूच्या घडीखाली सरकवली आणि येता येता पंख्याचं बटण दाबलं.

“घाम आला तर वारा घ्या. आणि हे काय ते, माझा दहावा झाला की चोळा.”