निरोगी गाडी

“हिचा क्लच तिसऱ्या महिन्यात रडायला लागतो,” मिस्त्री म्हणाले आणि लाल गाडीकडे पाठ करून उभे राहिले.

शोरूममधल्या विक्रेत्याने मान डोलावली. हा चौथा रविवार होता. पहिल्या रविवारी त्याने चहा मागवला होता, दुसऱ्या रविवारी पाणी. आज तो नुसतं “बसा” म्हणाला होता, तेही स्वतः बसल्यावर.

मिस्त्रींच्या लेकीला पहिली मोटरसायकल घ्यायची होती. लायसन्स हातात येऊन महिना झाला नव्हता. बापाच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत गिऱ्हाइकांच्या दुरुस्त झालेल्या गाड्या ‘ट्रायल’च्या नावाखाली फिरवत ती शिकली होती, भर रहदारीत अजून एकदाही गेली नव्हती. नोकरी मात्र लागली होती, तीही दोन तासांवरच्या शहरात. एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे. खोली ठरली, गादी गेली, शेगडी गेली. नेमणुकीच्या पत्रात एकच अट होती : स्वतःची दुचाकी. पुढच्या सोमवारी ती दुचाकीसह हजर झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. नवी गाडी नोंदणी होऊन हातात यायलाच चार-सहा दिवस जातात, म्हणजे ती आजच ठरायला हवी होती.

अडचण होती ती मिस्त्रींच्या अनुभवाची. तीस वर्षं त्यांनी फक्त बिघडलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. धड चालणारी गाडी त्यांच्या दारात यायचं काही कारणच नव्हतं. त्यामुळे गाडी म्हणजे एक आजार असतो आणि त्याला दोन चाकं असतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

“निळी?” लेकीने विचारलं.

“पावसात बंद पडते.”

“मग ती करडी?”

“ती पावसाची वाट बघत नाही.”

“बाबा, ती कोपऱ्यातली तरी?”

मिस्त्री थबकले. कोपऱ्यातल्या गाडीभोवती त्यांनी एक चक्कर मारली आणि चार रविवारांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. “हे मॉडेल माझ्याकडे एकदाही दुरुस्तीला आलेलं नाही! एकदाही! घेऊन टाक.”

“येईल कसं?” विक्रेता म्हणाला. तो प्रामाणिक होता, किंवा फार थकला होता. “आम्ही अजून एकही विकलेलं नाही.”

आता एकच गाडी उरली. काळी, बुटकी, गरीब चेहऱ्याची. लेक तिच्यावर बसली. दोन्ही पावलं जमिनीला सपाट टेकली. वजन बेताचं, इंजिन बेताचं. नवख्या माणसाच्या अंगावर धावून जाणारी ही जात नव्हती. मिस्त्रींनी दारातलं पायपुसणं उचललं, फरशीवर पसरलं आणि ती कोरी करकरीत गाडी त्यावर अलगद आडवी केली.

“अहो मिस्त्री!” विक्रेता उठून उभा राहिला.

“पहिली गाडी पडणारच. पडली की एकटीला उचलता आली पाहिजे. उचल गं.”

लेकीने गाडीकडे पाठ केली, खाली वाकून हँडल धरलं, पायांत जोर घेतला आणि गाडी उभी केली. विक्रेत्याने गाडीवर ओरखडा आलाय का ते पाहिलं. मिस्त्रींनी लेकीवर आलाय का ते.

मग मिस्त्री गुडघे टेकून बसले. अर्धा तास त्यांनी गाडी तपासली. चेन ओढली, ब्रेक दाबले, नटबोल्ट चाचपले, इंजिन सुरू करून डोळे मिटून ऐकलं. निरोगी माणूस समोर आला की डॉक्टरचं व्हावं, तसं त्यांचं झालं.

“काही म्हणजे काहीच नाही,” ते उठत म्हणाले. “उत्तम गाडी आहे.” पण हे त्यांनी ‘लाईट गेली’ म्हणावं तशा आवाजात म्हटलं.

विक्रेता फॉर्म घेऊन अक्षरशः धावत आला. “बोललो नव्हतो? सहा महिने हिच्याकडे बघावंसुद्धा लागणार नाही.”

“चेन तरी ताणावी लागेल?”

“आपोआप सैल होणाऱ्यातली नाही ती.”

“एखादा नट?”

“झालाच ढिला, तर तिथे आमचं सर्व्हिस सेंटर आहे ना! ताईंची खोली ज्या गल्लीत, त्याच गल्लीत. मिस्त्री, तुम्हाला आता काडीचा त्रास नाही!”

“छान,” मिस्त्री म्हणाले. स्टुलावर बसले. खिशातलं फडकं काढून हात पुसू लागले. रविवार असल्यामुळे हात स्वच्छच होते, तरी ते बराच वेळ पुसत राहिले.

विक्रेत्याने पेन पुढे केलं. लेकीने ते घेतलं, एकदा बापाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

“काका, ही नको,” ती म्हणाली. “दर रविवारी घरी आणावी लागेल, अशी एखादी दाखवा.”